चुनखडी बघणारा जावई

फोन आला तेव्हा मी बांधावर बसून मेथीच्या जुड्या बांधत होतो. माझी मुलगी शोभा नाशिकला राहते, तिच्या शेजाऱ्याचा आवाज होता. "आप्पा, जावईबापूंना जरा बरं नाही. तुम्ही निघा." मी विचारलं, "जरा म्हणजे किती?" तो म्हणाला, "तुम्ही या तर." मला तेवढ्यात कळलं. आमच्याकडे गेलेल्या माणसाची बातमी फोनवर कुणी सरळ सांगत नाही. ताप आला तर ताप म्हणतात, पाय मोडला तर पाय मोडला म्हणतात. 'जरा' म्हणाले की माणूस गेलेला असतो. माझी बायको गेली तेव्हा मीही शोभाला 'आईला जरा बरं नाही' असंच सांगितलं होतं. सायखेड्याहून एसटी धरली आणि नाशिक येईपर्यंत मी त्या शेजाऱ्यावर चिडत राहिलो, खोटं बोलला म्हणून. दुसऱ्या कशावर चिडावं ते सुचत नव्हतं... प्रभाकरराव सकाळी अंघोळीला गेले होते. पंचा खांद्यावर टाकून बाहेर आले, खुर्चीत बसले आणि तसेच राहिले. पन्नाशीसुद्धा झाली नव्हती. सत्तरी ओलांडलेल्या सासऱ्याने जावयाच्या तोंडात पाणी घालावं, हा कसला उलटा व्यवहार म्हणायचा.

त्याला आता दीड महिना झाला. भेटायला येणारे कमी झाले. येतात ते सगळे म्हणतात, देवमाणूस होता. मी त्यांच्या तोंडाकडे बघतो. माणूस गेला की देव होतो, हे मला पटत नाही. मी त्यांना चौदा वर्षं ओळखत होतो आणि त्यातली बरीचशी वर्षं मी त्यांच्यावर संशय घेण्यात घालवली. ते लिहायचं नसेल तर त्यांच्यावर लिहिण्यात अर्थ नाही. माझं शिक्षण चौथीपर्यंत. मार्केटात भाजी विकून जी अक्कल आली तेवढीच. तिथे शिकलो ते एवढंच, की वरचं टमाटं लाल असलं तरी क्रेटच्या तळात हात घालून बघायचा. माणसांनाही मी तसाच बघत आलो.

लग्न ठरवताना मध्यस्थ म्हणाला, मुलगा तेलाच्या कंपनीत साहेब आहे. मला वाटलं शेंगदाण्याचं तेल. बघायला आले तेव्हा मी विचारलं, "घाणा कुठे आहे तुमचा?" पाहुणे एकमेकांकडे बघून हसायला लागले. मुलगा तेवढा हसला नाही. म्हणाला, "मामा, ते तेल नाही. जमिनीतलं. मी समुद्राखालची चुनखडी बघतो." आता आमच्या भागात चुनखडी कशाला म्हणतात ते द्राक्षवाल्याला विचारा. रानात चुनखडी निघाली की वेलाचं पान पिवळं पडतं, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, आणि बाग म्हातारी व्हायच्या आधीच मरते. ज्याच्या रानात ती असते तो ती लपवतो. ज्याला रान विकायचं असतं तो ती वरच्या मातीने झाकतो. आणि हा शिकलेला मुलगा सांगतो की मला चुनखडी बघायचा पगार मिळतो. मी बायकोला आत जाऊन म्हणालो, "यमुने, हा खोटं तरी बोलतोय, नाहीतर येडा तरी आहे." ती म्हणाली, "खोटं बोलणारा याच्यापेक्षा चांगलं खोटं बोलला असता." तिच्या या एका वाक्यावर लग्न झालं.

लग्नानंतर शोभा नाशिकला फ्लॅटमध्ये, आणि हे आठवड्याचे पाच दिवस मुंबईला. शनिवारी यायचे. मधूनच बोटीवर जायचे, तिथून दोन-दोन आठवडे निरोप नाही. माझ्या मनात नको नको ते यायचं. एकदा कुणालाच न सांगता द्राक्षांच्या दोन पेट्या घेऊन मी मुंबईची गाडी धरली आणि त्यांच्या ऑफिसात जाऊन उभा राहिलो. म्हटलं, बघू तरी हा साहेब खरंच आहे का. शिपायाने आत नेलं. लांबच लांब टेबल, त्यावर सतरंजीएवढा कागद पसरलेला, कागदभर काळ्या नागमोडी रेघा, आणि माझा जावई बाह्या मागे सारून त्यावर रंगीत पेन्सिली फिरवतोय. शेजारी टोकयंत्र, भुशाचा ढीग. बालवाडीतलं पोर बसतं तसा. मला बघून दचकले, पण लपवालपवी केली नाही. खुर्ची दिली.

मी विचारलं, "हे काय?"

"समुद्राच्या तळाखालचा दगड, मामा."

"कुणी बघितलाय?"

"कुणीच नाही."

"मग रंग कशावर देता?"

मग त्यांनी सांगितलं. बोटीवरून पाण्यात हवेचा दणका देतात. तो आवाज खाली जातो, दगडाच्या थराथराला लागून परत येतो, आणि बोटीमागे कोसभर लांब दोरी सोडलेली असते तिच्यातले कान तो ऐकतात. घट्ट दगडातून आवाज वेगळा येतो, भोकं असलेल्या दगडातून वेगळा. चुनखडीत जिथे भोकं तिथे तेल असायचा संभव. मी म्हटलं, "म्हणजे मडकं वाजवून घेता." ते इतके खूश झाले की आजूबाजूच्या चार जणांना बोलावून माझं वाक्य ऐकवलं. मला ते आवडलं नाही. वाटलं, म्हाताऱ्याची मजा करतोय. परतीच्या गाडीत मी एकच विचार करत होतो... साहेब तर आहे, पण हे काम खरं कशावरून? न बघितलेल्या दगडाला कुणीही पिवळा रंग देईल. त्याला खोटं ठरवणार कोण?

यमुनेला मात्र त्यांचं काम माझ्याआधी कळलं. दिवाळीत ती अनारसे तळत होती आणि स्वतःशीच कुरकुरत होती. एकाच पिठाचे गोळे, एकाच कढईत, एकाच आचेवर, आणि एकाला सुरेख जाळी पडते तर शेजारचा दगड होऊन बसतो. प्रभाकरराव चुलीजवळ पाटावर बसले होते. म्हणाले, "मामी, मी ज्यावर डोकं फोडतो ते हेच. एकच थर, एकाच समुद्रात तयार झालेला. इथे जाळी, आणि शंभर पावलांवर नुसता दगड. वाळूचा थर असला तर एवढा दगा देत नाही. चुनखडी देते." यमुना म्हणाली, "मग कळतं कसं, कुठला बिघडलाय?" ते म्हणाले, "तुम्हाला कसं कळतं?" ती म्हणाली, "झाऱ्यावर घेतला की वजनाने कळतं." ते म्हणाले, "माझ्याकडे झारा नाही, म्हणून आवाज ऐकतो." दोघं हसत होते आणि मी दारात उभा राहून मनात म्हणत होतो, जावई गोड बोलून सासूला खिशात घालतोय. हेतू काय असेल?

हेतू मला लवकरच सापडला, म्हणजे मी तो शोधून काढला. ओढ्याकाठी माझा दोन एकरांचा तुकडा आहे. तिथे द्राक्षबाग करायचं मी नक्की केलं होतं. आधी खालच्या एकरात, मग वरच्या. प्रभाकरराव एका रविवारी रान फिरून आले. ओढ्याच्या कडेची दरड त्यांनी नखाने खरवडून बघितली आणि म्हणाले, "मामा, सगळ्या रानात एकदम खांब रोवू नका. खाली चुनखडी आहे. सगळीकडे नाही, पण कुठे आहे ते वरून कळणार नाही." त्याच वर्षी आमच्याकडे प्लॉटवाले फिरायला लागले होते. जमीन बघायची, चार खुंट्या मारायच्या, आणि म्हाताऱ्याला सांगायचं की तुझं रान पिकाच्या लायकीचं नाही. शोभा एकुलती एक. माझ्यामागे जमीन तिची. म्हणजे त्यांचीच. मी हिशेब जुळवला. बाग झाली तर मी रान सोडणार नाही, बाग झाली नाही तर प्लॉट पाडता येतील. एकदा हे डोक्यात बसल्यावर त्यांनी पाणी मागितलं तरी मला त्यात डाव दिसायला लागला.

पुढच्या रविवारी मी मार्केटातून परत आलो तर रस्त्यावरूनच ठण्, ठण् असा आवाज. ओढ्याकडे गेलो. रानात एका ओळीत नारिंगी टोप्यांच्या खुंट्या रोवलेल्या, त्यांना काळी वायर जोडलेली. प्रभाकरराव पँट गुडघ्यापर्यंत दुमडून लोखंडी पत्र्यावर घण घालतायत. एक काळासावळा माणूस पेटीसमोर उकिडवा बसलेला. ते त्यांच्या ऑफिसातले मेनन, हे मला नंतर कळलं. मी रानात पाय टाकला तसा तो माणूस हात वर करून ओरडला, "अंकल, रुको. चलो मत." माझ्याच रानात मला चालू नको म्हणतो. मी सरळ ओळीत घुसलो आणि एकेक खुंटी उपटून ओढ्याकडे फेकायला लागलो.

"मामा, ऐका. आम्ही जमीन मोजत नाही. वाजवून बघतोय. तुमचं पाऊलसुद्धा यंत्राला ऐकू जातं, म्हणून ते थांबा म्हणाले."

मी म्हणालो, "जमीन वाजवतोस का मला वाजवतोस? तू कोण रे माझ्या रानात खुंट्या मारणारा?"

तू. जावयाला. आमच्यात जावई वयाने कितीही लहान असो, शिकलेला नसो, दारू पिऊन आलेला असो, त्याला अहो-जाहोच करतात. आजोळी माझ्या मामाने जावयाला एकदा 'अरे' म्हटलं होतं, त्यावरून दोन वर्षं येणं-जाणं बंद पडलं होतं. शब्द तोंडातून गेला तसा मला कळला, पण मागे घेतला नाही. प्रभाकररावांनी घण खाली ठेवला. वायर गुंडाळली. खुंट्या मोजल्या तर दोन कमी भरल्या. त्या ऑफिसच्या, मागून आणलेल्या. गवतात वाकून वाकून ते दोघं अर्धा तास शोधत होते. मला त्यातली एक बाभळीच्या बुडाशी दिसत होती. मी सांगितली नाही.

यमुना माझ्याशी आठ दिवस बोलली नाही. ताट वाढायची आणि उठून जायची. नवव्या दिवशी म्हणाली, "ते रजेच्या दिवशी घण घालायला आले होते. प्लॉट पाडणारा स्वतः घण घालतो का?" मी म्हटलं, "मोठा डाव असला तर घालतो."

मधल्या काळात शोभाबरोबर एक कागद आला. दोन्ही एकरांचा नकाशा, खालच्यात पेन्सिलीने तीन पिवळे डाग, ओढ्यापासून किती पावलांवर ते लिहिलेलं. वरचा एकर कोरा. मी तो धड बघितलासुद्धा नाही, यमुनेने देव्हाऱ्याखाली ठेवला. मी खालच्या एकरात बाग लावली. दोन वर्षं वेल असा चढला की मी मुद्दाम शोभाला बोलावून दाखवला. तिसऱ्या वर्षी पानं पिवळी पडायला लागली. हिराकस टाकलं, शेणखत टाकलं, ज्याने जे सांगितलं ते फवारलं. एका संध्याकाळी यमुना तो कागद घेऊन बागेत आली आणि ओढ्यापासून पावलं मोजत चालली. तिसऱ्या ओळीत थांबली. सातव्या ओळीत थांबली. मग कोपऱ्यात. तिथल्या तिथेच पानं पिवळी होती, शेजारची हिरवीगार. एका शब्दाने मला टोचलं नाही. टोचलं असतं तर बरं झालं असतं.

प्रभाकरराव यायचे थांबले नव्हते. हेच मला कळत नसे. दिवाळीला यायचे, यमुनेचं दुखणं सुरू झाल्यावर तर दर शनिवारी. ओट्यावर बसायचे, चहा घ्यायचे, तिला दवाखान्यात न्यायचे. पण रानात पाऊल टाकलं नाही. मी म्हणायचो, चला जरा ओढ्याकडे. ते म्हणायचे, "नको मामा, बसू इथेच." यमुना गेली. तिचं वर्षश्राद्ध झालं त्या दुपारी आम्ही दोघंच ओट्यावर होतो. मी धीर करून विचारलं, "वरच्या एकरात काय आहे?"

"माहीत नाही."

"खालचं तर बरोबर सांगितलं होतं तुम्ही. तंतोतंत."

"खालचं मोजलं होतं."

"मग वरचा अंदाज सांगा. एवढी वर्षं चुनखडी बघता."

"म्हणूनच नाही सांगता येत, मामा. दहा पावलांवर बदलते ती. तुम्ही बोलवाल तेव्हा येऊन बघेन."

मला वाटलं, हा डूख धरून आहे. याला सगळं ठाऊक आहे, पण हात जोडून घेतल्याशिवाय सांगायचं नाही. तुम्ही बोलवाल तेव्हा, म्हणे. म्हणजे मी म्हणायचं, या, माझं चुकलं. मी म्हटलं नाही. वरच्या एकरात कांदा आणि मेथी करत राहिलो, आणि दर वेळी कुदळ मारताना त्यांचं ते 'माहीत नाही' माझ्या कानात वाजायचं. ते गेल्यानंतरही मी त्याचा अर्थ तोच एक धरून होतो.

तेराव्यानंतर चार-पाच दिवसांनी शोभाकडे मेनन आले. मी तिथेच होतो. माझ्या मनात पहिलं आलं ते हेच, की ऑफिसच्या कसल्या कागदावर पोरीची सही घ्यायला आला असेल. मी उठलोच नाही जागचा.

"अंकल, ओळखलं?"

"ओळखलं. माझ्या रानात मला रुको म्हणणारे तुम्ही."

ते हसले. शोभाही त्या दिवसांत पहिल्यांदा हसली. सही-बिही काही नव्हती. पाणी प्यायले आणि त्यांच्या त्या मुंबईच्या मराठीत बोलत बसले. म्हणाले, "साहेबांच्या नकाशात नेहमी सफेद जागा असायची. आमचा मोठा साहेब भडकायचा. बोलायचा, प्रभाकर, ही चड्डी शिवली का पँट? अर्धाच कपडा? भर ना रंग. हे बोलायचे, सर, तिथे लाईन नीट आली नाही, मला माहीत नाही. मग पेन्सिली गेल्या, कॉम्प्युटर आला. कॉम्प्युटर तर बदमाश, अंकल. इकडे मोजलेलं, तिकडे मोजलेलं, मधली जागा तो स्वतःच रंगवून टाकतो. दिसायला एकदम मस्त. आणि हा माणूस बसून ते रंग पुसायचा. सगळे हसायचे."

"मग त्यांचं काय झालं?" मी विचारलं.

"प्रमोशन दोन वेळा राहिलं. एकदा त्यांची सफेद जागा दुसऱ्याने भरली. तिथे विहीर घेतली, तर खाली नुसता घट्ट दगड. एक भोक नाही. त्यावरसुद्धा हे 'मी सांगितलं होतं' असं बोलले नाहीत. कारण त्यांनी दगड आहे असं सांगितलंच नव्हतं. माहीत नाही एवढंच सांगितलं होतं."

मेनन गेले. मी त्यांच्याबरोबर खाली फाटकापर्यंत गेलो. म्हणालो, "त्या दिवशी तुमची एक खुंटी बाभळीखाली होती. मला दिसत होती." ते म्हणाले, "साहेबांना पण दिसली होती, अंकल. बोलले, राहू दे, मामा तिथे उभे आहेत." म्हणजे ती आणायला माझ्याजवळ यावं लागलं असतं, आणि ते आले नाहीत. मला लाज वाटू नये म्हणून आले नाहीत, की रागाने, की घाबरून? मेननना विचारायचं राहून गेलं. रिक्षा निघून गेली होती.

तेव्हापासून माझा संशय दुसरीकडे वळला आहे. त्यांच्या शब्दात खोट नव्हती, हे आता मला पटलंय. पण त्यांच्या मनात माझ्याबद्दल काय होतं? दर शनिवारी येणारा माणूस मला क्षमा करून येत होता, की यमुनेसाठी येत होता, की जावयाने यायचं असतं म्हणून? भेटायला येणाऱ्यांना विचारलं तर काय सांगतील ते मला ठाऊक आहे. म्हणतील, आप्पा, तुम्हाला फार मानायचे हो. मी तो प्रश्न तीन-साडेतीन आठवडे तोंडात धरून ठेवला. मग परवा शोभाकडे जेवायला बसलो होतो. ती पोळ्या लाटत होती, पाठ माझ्याकडे.

मी म्हणालो, "शोभा, मी त्यांना तू म्हणालो होतो त्या दिवशी."

"माहितीये मला."

"ते त्यांच्या मनात राहिलं होतं का गं?"

लाटणं थांबलं. मला वाटलं, आता ही म्हणेल, नाही हो आप्पा, ते कधीच विसरले. मी म्हातारा, एकटा, मुलीचा बाप. तिने तेवढं म्हटलं असतं तर तिचं काही गेलं नसतं. ती वळली. हात पिठाचे होते, डोळे पुसायला मनगट वापरलं.

"माहीत नाही, आप्पा. तुमचं नाव निघालं की ते गप्प व्हायचे. आणि शनिवार आला की माझ्याआधी चप्पल घालून दारात उभे असायचे. मधलं मला ते कधी बोलले नाहीत."

मी बरं म्हणालो. तिने तव्यावरची पोळी माझ्या ताटात टाकली, आणि मी जेवलो.